ॲडजस्टचं तिसरं कार्ड

कोशाच्या कचेरीत तिला सगळे कार्डताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबोडकी खोली, तीत सहा टेबलं, भिंतीला लागून लाकडी खणांची कपाटं आणि खालच्या यंत्रांची दिवसभर चाललेली धडधड. त्या धडधडीनं चहाच्या कपातसुद्धा बारीक लाटा उठायच्या. त्या खोलीत कार्डताईनं एकतीस वर्षं एकच काम केलं. आपल्या बोलण्यात पाहुणे म्हणून आलेले आणि मग घरचेच होऊन बसलेले इंग्रजी शब्द पकडायचे आणि त्यांची कार्डं लिहायची.

कार्ड तळहाताएवढं. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली वापर आणि पाठीमागे मूळ. वापर म्हणजे कुणीतरी खरोखर लिहिलेलं वाक्य. म्हातारे संपादक याबाबतीत फार कडक होते. मनानं रचलेलं वाक्य चालायचं नाही, ऐकलेलंही चालायचं नाही. "कान काहीही ऐकतो," ते म्हणायचे, "कागद दाखवा." त्यामुळे कचेरीतली झाडून सगळी माणसं कागदवेडी झाली होती. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, दवाखान्यातली पाटी, गिरणीवाल्याची सूचना, काही म्हणजे काही सुटायचं नाही. टंकलेखक तर सासूबाईंची पत्रं घेऊन यायचा. "आमच्या सासूबाई म्हणजे खाण आहे खाण! एका पानात चार वेळा 'टेन्शन'. आणि चारही वेळा माझ्यामुळे!" सगळे हसायचे, आणि त्या चारांपैकी एक वाक्य कार्डावर जायचं.

जे वाक्य उतरवून झालं, त्या मूळ कागदावर निळ्या शाईचा एक शिक्का बसायचा : 'नोंद झाली'. मग तो कागद पुराव्याच्या फायलीत. त्याचं काम संपलं.

या कामानं माणसाला एक खोड लागते. समोरचा काय सांगतोय याच्याआधी तो कोणत्या शब्दात सांगतोय तिकडे लक्ष जातं. भाजीवाली म्हणायची, "आज मूडच नाही बघा बाई," आणि कार्डताईच्या मनात यायचं, हिनं हे कुठे लिहून ठेवलं असतं तर किती छान झालं असतं! तिचा मूड का नाही, घरी काय झालं, हे विचारायचं राहूनच जायचं. मनानं वाईट नव्हती हो ती. रोज सकाळी देवापुढे बसायची, दारी आलेल्याला पाणी विचारायची. पण देवानं दिलेला कान तिनं कामाला जुंपला होता, आणि जुंपलेला बैल रविवारी सोडला तरी त्याच वाटेनं चालतो, तसं झालं होतं.

'अ'च्या खणात एक शब्द दोन वर्षं अडकून पडला होता. ॲडजस्ट. पहिला अर्थ सोपा होता : यंत्राची खुंटी, पट्टा, काटा हवा तसा बसवणं. त्याला पंख्याबरोबर आलेलं माहितीपत्रक सापडलं. दुसरा अर्थ : थोडं सरकून जागा करणं. तोही मिळाला, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या पाटीवर : 'एका बाकावर चौघांनी ॲडजस्ट करून बसावे.' तिसरा अर्थ मात्र सगळ्यांना ठाऊक आणि कागदावर कुठेच नाही. सोसणं. मन मारून निभावणं. मुलींना, सुनांना, नव्यानं रुजू झालेल्यांना जे सांगितलं जातं ते.

"तिसरा अर्थ रोज कानावर पडतो माझ्या," संपादक म्हणाले. "पण पुरावा नसेल तर गाळा."

"सर, बायका असलं लिहितात कुठे? बोलतात फक्त," कार्डताई म्हणाली.

"मग बायकांचा कागद शोधा."

मूळ मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, कार्डाच्या मागच्या बाजूला कार्डताईच्याच अक्षरात आहे. इंग्रजांनी तो शब्द फ्रेंचांकडून घेतला, आणि त्याच्या तळाशी लॅटिन शब्द आहे तो 'जवळ' या अर्थाचा. जवळ आणणं, एकाला दुसऱ्याशेजारी ठेवणं. पुढे लोकांना वाटलं की हा 'न्याय्य, योग्य' या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन शब्दावरून आलाय, आणि अर्थ तिकडे कलला. संपादकांना अशा गोष्टींत लहान मुलासारखा आनंद व्हायचा. "आणि गंमत बघा," ते म्हणाले, "घोड्यावर बसून भाले रोखून एकमेकांवर धावून जायचा तो जुना खेळ असतो ना, त्याचा शब्दही याच मुळाचा. जवळ आलं की भिडणंही आलंच!"

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे कार्डताईची पाठची बहीण, सात वर्षांनी लहान. कार्डताईनं तिच्या वेण्या घातल्या, तिची दप्तरं शिवली, वडील गेल्यावर तिचं लग्नही हिनंच उभं राहून लावून दिलं. स्वतः लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली, घर दीड खोलीचं. धाकटी सासरी गेल्यावर तिची खाट रिकामी झाली. त्याच सुमारास कचेरीच्या छताचं काम निघालं आणि काम चालू असलेला 'अ'चा खण तेवढा ठेवून बाकी कार्डांचे खोके सगळ्यांनी वाटून घरी नेले. कार्डताईच्या वाट्याला 'क' ते 'ग' आले. ते धाकटीच्या खाटेवर ओळीनं मांडले गेले.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर धाकटी दारात उभी. लग्नाला दीड वर्ष झालेलं. हातात बॅग, चेहरा उन्हानं लाल.

"अगं, तू? एकटीच? आणि बॅग केवढी ही!"

"सगळी रिकामीच आहे ताई. धीर यावा म्हणून मोठी घेतली."

पाणी झालं, आईच्या कपाळावरून हात फिरवून झाला. मग दोघी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या राहिल्या.

"भांडण झालं का?"

"भांडायला कुणी बोलावं लागतं. माझ्याशी कुणी बोलतच नाही. हे कामावरून येतात, आईंशी बोलतात, भावाशी बोलतात, रेडिओला उत्तरं देतात. माझ्याशी फक्त 'मीठ' म्हणतात."

"मीठ?"

"भाजीत कमी असलं की. परवापासून मी मुद्दाम कमी घालते."

कार्डताईला हसू आलं. धाकटीलाही आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "ताई, मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. तरी मला तिथे श्वास पुरत नाही. मी राहू का इथे थोडे दिवस?"

कार्डताईनं खाटेकडे पाहिलं. 'क' ते 'ग', एकवीस खोके, प्रत्येकात क्रम लावलेला. एक जरी कलंडला तरी महिन्याचं काम.

"खाटेवर खोके आहेत गं. सोमवारी संपादक मोजणार आहेत."

"मी खाली झोपेन."

"आईला रात्री दोनदा उठवावं लागतं, तुझी झोप होणार नाही. आणि लोक काय म्हणतील? थोडं ॲडजस्ट कर. नवं घर आहे, नवी माणसं आहेत. सगळ्यांनाच करावं लागतं."

धाकटीनं खोक्यांकडे एकदा नीट पाहिलं. "बरं आहे," ती म्हणाली, "'क'ची सोय झाली म्हणजे."

दोघी हसल्या, म्हणजे हसल्यासारखं केलं. संध्याकाळच्या बसला कार्डताईनं तिला स्वतः बसवून दिलं, खिडकीतून हात दाबला. ते खोके उचलून भिंतीशी रचायला दहा मिनिटं लागली असती. फार तर पंधरा. हा हिशेब तिनं त्या दिवशी केला नाही. पुढे जन्मभर केला.

आठ महिन्यांनी पत्र आलं, कचेरीच्या पत्त्यावर. डबा खाऊन झाला होता. कार्डताईनं ते टेबलाशीच उघडलं. वर आईच्या औषधाची चौकशी, मग दिवस गेल्याची बातमी, आणि खाली, अक्षर जरा मोठं झालेलं :

'तू ॲडजस्ट कर म्हणालीस म्हणून करत गेले, आता ॲडजस्ट करायला माझ्यातलं काही उरलेलं नाही. खाट रिकामी झाली असेल तर कळव, मी येते.'

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पदरानं पुसलं. खोटं कशाला सांगू, ते पाणी खरं होतं. पण त्याच पदराच्या हातानं तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली. दोन वर्षं जे वाक्य कुठेच मिळत नव्हतं, ते समोर होतं. बाईच्या हातचं. तारखेसह. तिनं 'अ'चा खण ओढला, तिसरं कार्ड काढलं आणि वाक्य उतरवलं. 'उरलेलं नाही' पाशी पूर्णविराम दिला. पुढच्या वाक्यात शब्द नव्हता, म्हणून ते घेतलं नाही.

"सर, ॲडजस्टचा तिसरा सापडला."

संपादक चष्मा कपाळावर सरकवून आले. वाचलं. पुन्हा वाचलं. "कार्डताई, सोनं आणलंत हो! कुणाचं पत्र?"

"ओळखीतलं आहे," ती म्हणाली. बहिणीचं म्हणायला तिची जीभ का कचरली, ते तिलाही कळलं नाही.

टंकलेखकानं टाळ्या वाजवल्या. "माझ्या सासूबाई हरल्या!" आणि पत्रावर शिक्का बसला.

घरी गेल्यावर उत्तर लिहायचं होतं. त्या संध्याकाळी आईला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. मग छताचं काम संपलं, खोके कचेरीत परत गेले, खाट खरोखर रिकामी झाली आणि तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या येऊन बसल्या. उत्तर लिहायचंय, हे कधीकधी आठवायचं. पण मनाच्या कुठल्यातरी कप्प्यात त्या पत्रावर शिक्का बसला होता. शिक्का बसलेल्या कागदाकडे परत वळायची त्या कचेरीत कुणालाच सवय नव्हती.

चार वर्षांनी कोश निघाला. जाडजूड, कापडी बांधणीचा. कार्डताईला दोन प्रती मिळाल्या. एक तिनं देवाजवळ ठेवली आणि दुसरी, आता ऐका, धाकटीला पाठवली. भाचीला मोठी झाल्यावर उपयोगी पडेल म्हणून. पहिल्या पानावर आशीर्वादही लिहिला. त्यात ते वाक्य आहे, हे तिच्या लक्षातच नव्हतं. तिच्या लेखी ते तिसरं कार्ड होतं, धाकटीचं पत्र नव्हतं. पानं लावताना तिनं ते चार वेळा तपासलंही होतं.

तीन आठवड्यांनी पुस्तक टपालानं परत आलं. चिठ्ठी नाही, काही नाही. एका पानाचा कोपरा दुमडलेला. कार्डताईनं ते पान उघडलं. ॲडजस्टचा तिसरा अर्थ, त्याखाली धाकटीचं वाक्य. वाक्यापुढे छापलं होतं : खासगी पत्र.

त्यानंतर एकोणीस वर्षं दोघी बोलल्या नाहीत. आई गेली तेव्हा धाकटी आली, सगळं केलं, सगळ्यांशी बोलली. हिच्याशी बोलायची वेळ आली की म्हणायची, "त्यांना विचारा." आपल्याच बहिणीला 'त्यांना'.

कार्डताई निवृत्त झाली. रोज सकाळी देवापुढे हात जोडून म्हणायची, माझं चुकलं, मला पदरात घे. असं म्हणून तिला थोडं हलकं वाटायचं, आणि त्याच हलकेपणाची मग लाज वाटायची. देवाची माफी मागायला घराबाहेर पडावं लागत नाही. तो उलट प्रश्नही विचारत नाही.

अशात एका सकाळी कचेरीतून फोन आला. म्हातारे संपादक केव्हाच गेले होते, आता नव्या बाई होत्या, बोलायला नेमक्या आणि गोड. "ताई, दुसरी आवृत्ती काढतोय. आता नियम बदललेत. ज्यांची खासगी पत्रं आपण वापरली त्यांची लेखी संमती लागते. तुमच्या नावावर एकच पत्र आहे, ॲडजस्टचं. मिळेल का संमती? नाहीतर वाक्य काढून टाकू, काही अडचण नाही."

काढून टाका, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण कार्डताई म्हणाली, "मी आणते." इतक्या वर्षांत बहिणीकडे जायला तिला माफी हे कारण पुरेसं वाटलं नव्हतं. संमतीपत्र वाटलं. माणसाचं मन असं असतं, आणि देव त्याच्याशीही निभावून घेतो.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार तिनंच उघडलं. नाकावर चष्मा, हातात विणकामाच्या सुया, करड्या रंगाचा अर्धा स्वेटर खाली लोंबणारा.

"ये," धाकटी म्हणाली. "चपला आतच काढ, बाहेरच्या जातात."

खोली नीटनेटकी होती. आतल्या खोलीत टीव्ही मोठ्यानं चालू होता. "ऐकू येत नाही आता यांना," धाकटी म्हणाली. "यायचं तेव्हाही काही फरक नव्हता. बस. पाणी आणते."

पाणी झालं. भाची कुठे असते, गुडघे कसे आहेत, हे झालं. मग बोलणं संपलं आणि सुया तेवढ्या वाजत राहिल्या. कार्डताईनं पिशवीतून कागद काढला. "कोशवाल्यांना तुझी सही हवी आहे. ते वाक्य... परत छापायचं तर."

"एकतीस, बत्तीस... थांब, टाका चुकेल." ओळ संपवून धाकटीनं कागद घेतला आणि तो लांब धरून आपलंच वाक्य मोठ्यानं वाचलं. कुणा परक्याचं वाचावं तसं. मग विचारलं, "पुढचं कुठे आहे?"

"कसलं पुढचं?"

"मी पुढे लिहिलं होतं. हे अर्धंच आहे."

एकतीस वर्षं हजारो कार्डं लिहिलेल्या बाईला सांगायला एकच गोष्ट होती आणि ती खरीही होती. "त्यात शब्द नव्हता गं."

"कुठला शब्द?"

"ॲडजस्ट."

धाकटीनं सुया मांडीवर ठेवल्या. "अस्सं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला माहीत आहे, मी चार वर्षं समजत होते की पत्र पोचलंच नाही. दुसऱ्यांदा लिहायचा धीर झाला नाही. पोस्टमनला काय काय बोलले मी! जिन्यात गाठून. म्हातारा होता, म्हणायचा, पोरी, मी नाही गं हरवलं. मला त्याचं खरं वाटायचं नाही. आणि मग तुझं पुस्तक आलं." तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्याची माफी मागायला गेले तर तो निवृत्त होऊन गावी गेलेला."

"चुकलं माझं," कार्डताई म्हणाली.

"हो."

तेवढंच. रागानं नाही, समजुतीनंही नाही. कुणी वेळ विचारावी आणि सांगावी तसं. मनातल्या मनात कार्डताईनं या भेटीच्या शंभर तऱ्हा करून पाहिल्या होत्या. धाकटी ओरडते, धाकटी रडते, धाकटी गळ्यात पडते. नुसतं 'हो' त्यांत नव्हतं.

"काढून टाकायला सांगू का मी त्यांना?"

"नको. राहू दे." धाकटीनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "या घरात मी बोललेलं कुठेच लिहिलेलं नाही. तिथे आहे तेवढं असू दे."

"मग पुढचं वाक्यही घालायला सांगते. नव्या बाई चांगल्या आहेत, ऐकतील."

"ते नको. ते तुला लिहिलं होतं. पुस्तकाला नाही." तिनं सुया पुन्हा हातात घेतल्या आणि लगेच खाली ठेवल्या. "आणि या कार्डांच्या मागे काहीतरी असतं ना? तू सांगायचीस लहानपणी... नाही, लहानपणी नाही, लग्नाआधी. मूळ का काय. याचं काय आहे?"

कार्डताईनं सांगितलं. "जवळ. मूळ अर्थ जवळ. जवळ आणणं."

धाकटी हसली. मोठ्यानं, मोकळं, पूर्वीसारखं. इतकं मोठ्यानं की आतून टीव्हीच्या वरताण नवऱ्याचा जाड आवाज आला, "काय झालं?" आणि धाकटी ओरडली, "तुमच्यासाठी नाही!" मग कार्डताईकडे वळून म्हणाली, "बघ, बोलले आज ते. तुझ्या कोशाचा एवढा तरी उपयोग."

तिनं पेन मागितलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली, सही केली. सहीखाली आणखी एक रकाना होता : 'पत्र ज्यांना लिहिले त्यांच्याशी नाते'. तिथे पेन थांबलं. कार्डताई त्या टोकाकडे बघत राहिली. लहानपणी धाकटीचा हात धरून तिनंच तिला अक्षरं गिरवायला शिकवली होती. अजूनही धाकटीच्या 'ब'चा पोटातला तिरका दांडा हिच्यासारखाच होता. आता 'बहीण'चा तोच 'ब' येईल, असं तिला वाटलं.

धाकटीनं लिहिलं : ओळखीच्या.

मग कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. "तेव्हा तू हेच सांगितलं असशील ना सगळ्यांना? तुला मी ओळखते ना ताई."

कार्डताईनं घडी पिशवीत ठेवली. चहा टाकू का, असं धाकटीनं विचारलं, आणि नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारलं नाही. परत ये, असंही म्हणाली नाही. चपला घालताना कार्डताईचा तोल गेला तेव्हा तिनं कोपराला धरलं, आणि पाय चपलेत गेल्यावर सोडलं.

कार्डताई चार-पाच पायऱ्या उतरली असेल, तोच वरून आवाज आला.

"खालच्या मजल्यावरचा दिवा गेलाय. कठड्याला धरून उतर."

"बरं," ती म्हणाली, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली.